चार बटाट्यांचं तिकीट

खिशात एक कागद घडी घालून ठेवा. २००२ मध्ये आपल्याकडे गावोगावी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची पाहणी झाली, तिचा तक्ता. तेरा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, वर्षभर दोन वेळ जेवायला मिळतं का, घरात वस्तू काय काय, कर्ज कुणाकडून काढलंय, पोटासाठी गाव सोडावं लागतं का. बेरीज कमी भरली की नाव यादीत. हा तक्ता घेऊन तुम्हाला जिथं जायचंय तिथं ग्रामपंचायत नाही, तलाठी नाही, आणि पुष्कळ काळ पैसाही नाही.

बेटाचं नाव ट्रिस्टन द कुन्हा. दक्षिण अटलांटिक महासागराच्या मधोमध, सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना, आणि तीही २,४०० किलोमीटरवर. केप टाउन त्याहून लांब. पाण्यातून सरळ वर आलेला २,०६२ मीटर उंचीचा ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी वायव्येला एक चिंचोळी सपाटी, आणि माणसं काय ती तेवढ्या सपाटीवर. १५०६ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्याला ते दिसलं आणि ताफ्याच्या प्रमुखाचं नाव त्याला चिकटलं. त्याच ताफ्यात अफोंसो द अल्बुकर्क होता. चार वर्षांनी त्यानं गोवा घेतलं. प्रमुखाचा मुलगा नुनो पुढे इकडचा गव्हर्नर झाला आणि १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांकडे आली ती त्याच्याच कारकिर्दीत. म्हणजे गोवा आणि वसई ज्यांनी घेतली त्यांच्या वाटेवर हे बेट होतं. तिथं मात्र कुणी उतरलं नाही.

तुम्ही आधी १९३४ मध्ये उतरा, पण बेटावर नको, डेकवर. अटलांटिस हे सहलीचं इंग्रजी जहाज आहे. कठड्याशी गर्दी झालीय, कॅमेरे बाहेर निघालेत. खाली लाटांवर लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या लांब होड्या उसळतायत. होडीतल्या माणसांचे कपडे बघा: एकाच्या अंगात आरमारी कोट, त्याखाली ठिगळ लावलेली विजार, दुसऱ्याच्या डोक्यावर लंडनच्या कुठल्याशा कारकुनाची टोपी. धर्मादाय पेट्यांतून जे आलं ते घातलेलं. पायांत बैलाच्या कातड्याची, केस बाहेर ठेवून शिवलेली मऊ पायताणं, वर गुडघ्यापर्यंत पांढरे लोकरी मोजे. त्यांनी विकायला आणलंय काय, तर पेंग्विनच्या पिसांचे गालिचे, विणलेले मोजे, होड्यांच्या छोट्या प्रतिकृती. त्या बदल्यात त्यांना पीठ हवंय, साखर हवीय, दोर, खिळे, लाकूड, कापड. तुमच्या शेजारची बाई म्हणते, ‘बिचारे!’ आणि आपला जुना स्वेटर खाली टाकते.

तक्ता काढा. कपडे: एक गुण. वस्तू: शून्य. झालं, पाच मिनिटांत यादी तयार. पुढची सत्तावीस वर्षं जगभरच्या वर्तमानपत्रांनी आणि मदतनिधीवाल्यांनी या बेटाबद्दल जे लिहिलं त्यातलं बरंचसं याच उंचीवरून, कठड्याला टेकून लिहिलेलं आहे. होडीतला तो टोपीवाला वर बघतोय ते कृतज्ञतेनं, असं तुम्हाला वाटेल. तो भाव करतोय. मोजे किती आणि खिळे किती, हे त्याच्या डोक्यात चालू आहे.

आता मागे चला, १८१७ च्या नोव्हेंबरात. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलेलं, त्याला सोडवायला कुणी या वाटेनं येऊ नये म्हणून इंग्रजांनी वर्षभरापूर्वी इथं एक तुकडी बसवली होती. ती आता परत निघालीय. विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल म्हणतो, मी राहतो. बायको, दोन लेकरं आणि दोन गवंडी एवढ्यांना घेऊन तो राहतो. त्यांचा करारनामा ७ तारखेला लिहिला जातो तेव्हा तुम्ही खांद्यावरून डोकावून बघू शकता. मालमत्ता सगळ्यांची सारखी, नफा सारखा, खर्च सारखा, आणि शांतता टिकावी म्हणून कुणीही स्वतःला दुसऱ्यापेक्षा वरचढ समजायचं नाही. अठराव्या शतकातल्या क्रांत्यांनी याहून बरीच जास्त शाई खर्च केली होती. सामाईक मालकी पुढे टिकली नाही, घराघरांची गुरं आणि वाफे वेगळे झाले. वरचढपणाचं कलम तेवढं राहिलं. अविवाहित पुरुषांनी निरोप धाडला म्हणून १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच बायका आल्या, पुढे फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी राहिले, आणि आडनावं जमत जमत बराच काळ सातावर थांबली.

पहिली काही दशकं हे बेट मुळीच गरीब नव्हतं. देवमाशांची शिकार करणारी अमेरिकन जहाजं इथं गोडं पाणी, मांस, बटाटे घ्यायला थांबत आणि बदल्यात हवं ते मिळे. मग देवमासे कमी झाले. शिडांची जागा वाफेनं घेतली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि पूर्वेकडची जहाजं आफ्रिकेला वळसा घालेनाशी झाली. आपल्या मुंबईचं ज्या कालव्यानं भलं केलं, त्यानंच ट्रिस्टनचं दार बंद केलं. बेट होतं तिथंच होतं, पाऊसवारा होता तेवढाच होता, बटाटे उगवत होते तसेच उगवत होते. हमरस्ता बाजूला गेल्यावर ढाब्याचं जे होतं ते झालं. १८८२ मध्ये एक फुटकं जहाज किनाऱ्याला लागलं आणि त्यातून उंदीर उतरले. ते बटाट्यांत शिरले, ते आजवर.

१८८५ च्या २८ नोव्हेंबरला तुम्ही किनाऱ्यावर थांबू नये हे बरं, पण थांबा. लांबून एक जहाज चाललंय. बऱ्याच दिवसांनी जहाज दिसलंय, पीठ हवंय. पंधरा पुरुष होडी ढकलतात. समुद्र उसळतोय, तरी जातात, कारण जहाज थांबत नसतं. होडी परत येत नाही. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर बायका उभ्या आहेत. बेटावरची धडधाकट पुरुषांची जवळजवळ सगळी फळी त्या एका होडीत होती.

या दिवसानंतरचं ट्रिस्टन खरोखर गरीब आहे, आणि हे सांगताना आढेवेढे घेण्याचं कारण नाही. बटाटे लावायला, होडी ओढायला, घर शाकारायला हात नाहीत. त्या काळात इथं मिशनरी म्हणून राहिलेला एडविन डॉजसन (लुईस कॅरल या लेखकाचा धाकटा भाऊ) याचं मत झालं की या लोकांना इथून हलवलंच पाहिजे. काही गेले. बाकीचे राहिले. १९०६ च्या सुमाराला गुरं शेकड्यांनी मेली तेव्हा सरकारनं पुन्हा विचारलं, पुन्हा नकार आला. १९१९ मध्ये एक युद्धनौका आली तेव्हा महायुद्ध संपल्याचं त्यांना कळलं.

इतकं बघून झाल्यावर १९३७ च्या डिसेंबरात उतरा, आणि यावेळी खरोखर बेटावर. जरा मुक्काम करा.

नॉर्वेहून तेरा जणांची शास्त्रीय मोहीम आलीय. प्रमुख एर्लिंग क्रिस्तोफर्सन वनस्पतीशास्त्रज्ञ, सोबत डॉक्टर, दंतवैद्य, पक्षी बघणारा, आणि पेटर मुंक नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ. तुम्ही त्यांच्यातलेच एक. होडी काळ्या वाळूवर आदळते, कुणीतरी तुम्हाला काखेत धरून उचलतो, कंबरेपर्यंत भिजलेले तुम्ही उभे राहता तोवर तुमची पेटी बैलगाडीत चढलेलीसुद्धा असते. चढावर घरं दिसतात. ठेंगणी, मऊ ज्वालामुखी दगडांच्या जाड भिंतींची, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. छप्पर फ्लॅक्सच्या लांब पानांचं. आत गेलात की तुळईवर हात फिरवा: ती कुठल्यातरी फुटलेल्या जहाजाची आहे. भिंतीवर इंग्रजी मासिकांची पानं चिकटवलीत. चुलीवर बटाटे शिजतायत, कढईत समुद्रपक्ष्याच्या चरबीत मासा तळतोय आणि त्या चरबीचा वास तुमच्या कपड्यांत बसणार आहे. नॉर्वेला परत गेल्यावरही जाणार नाही.

खोलीत एक म्हातारी लोकर पिंजतेय. तुम्हाला बघून उठते. ‘बसा, साहेब.’

साहेब म्हणते ती तुम्हाला. आपसांत इथं कुणी कुणाला साहेब म्हणत नाही. जहाजातून उतरलेला तेवढा साहेब.

तक्ता काढून प्रश्न सुरू करा. जमीन? बटाट्यांचे वाफे वस्तीपासून तासाभराच्या चालीवर आहेत, दगडी गडग्यांनी आखलेले. जोवर कसता तोवर तुमचे. सातबारा नाही. काय लिहाल? कर्ज? ती विचारात पडते. कुणाचा बैल कापला की वाटे नात्यात जातात, मग त्यांचा कापला की तुमच्याकडे येतात. याला कर्ज म्हणायचं का, तिला कळत नाही. घर शाकारायचं तर ठरल्या दिवशी पुरुष छपरावर चढतात, बायका खाली पानांच्या जुड्या करून देतात, मजुरी कुणी घेत नाही, घरधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आपल्याकडची सावड आणि इर्जिकच. फरक एवढा की आपल्याकडे ती कामापुरती असते आणि इथं दुसरं काही नाहीच. अन्नसुरक्षेचा रकाना बघा: सकाळी बटाटे, रात्री बटाटे, मध्ये मासा, दूध, ऋतूत पेंग्विनची अंडी, कधी मटण. नवे बटाटे निघायच्या आधीचे काही आठवडे ताटं हलकी होतात, हेही नोंदवा. पोटासाठी गाव सोडावं लागतं? नाइटिंगेल बेटावर चरबी आणि अंडी आणायला जातात, तीसेक किलोमीटर वल्ही मारत आणि शीड लावून. त्याला जत्रेचं रूप असतं.

आता तिला सरळ विचारा, ‘तुमच्यात गरीब कोण?’

ती पिंजणं थांबवते. तुमच्या चेहऱ्याकडे बघते, कारण साहेबांना कुठलं उत्तर आवडतं हे तिला जहाजांवरून माहीत आहे. ‘आम्ही सगळेच गरीब, साहेब,’ म्हणते. हे झालं जहाजासाठीचं उत्तर. थोडा वेळ बसून राहा. मग ती एका घराचं नाव घेते. नवरा बुडाला, मुलगा नाही, होडीत वाटा नाही. आणि दुसऱ्या एकाचं, त्याला सगळे हात आहेत, पण त्यानं मागच्या वर्षी बियाण्याचे बटाटे खाल्ले आणि आता मागत फिरतो. पहिल्याबद्दल बोलताना आवाज खाली, दुसऱ्याबद्दल बोलताना ओठ वाकडे. एवढंच तिचं दारिद्र्याचं शास्त्र आहे. त्यात सामान नाही, हात आणि अब्रू आहे. तुमच्या तेरा प्रश्नांत हे दोन्ही रकाने नाहीत.

मुंकलाही असंच काहीसं झालं. बाहेर पसरलेली समजूत अशी की बेटावर एक प्रकारचा साम्यवाद नांदतो. त्यानं जे पाहिलं ते वेगळंच: प्रत्येक घर आपलं आपलं, कुणाचा कुणावर अंमल नाही, कुणाला कसला हुकूम सोडायचा अधिकार नाही, आणि तरी कामं अडत नाहीत, कारण आज मी गेलो नाही तर उद्या माझ्या छपरावर कोण चढेल हे प्रत्येकाला ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर यात संतपणा शोधू नये. गडग्याच्या पलीकडे कुणाची मेंढी गेली यावरून वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं आहेत ही. पण अबोला धरूनही छपरावर येतात.

बाहेर रांग लागलीय. दंतवैद्य सोग्नेस एकेकाला तोंड उघडायला लावतोय. तुम्हीही वाकून बघा. इथं ब्रश नाही, पेस्ट नाही. ज्याला डेकवरच्या बाईनं ‘बिचारा’ म्हटलं होतं त्याच्या तोंडात, आणि विशेषतः पोरांच्या, कीड शोधावी लागते. त्या वेळच्या लंडनमधल्या किंवा ओस्लोमधल्या शाळेत हे दिसणार नाही. साखर आणि पीठ क्वचित येतं, आलं की संपतं. सोग्नेस हे सगळं वहीत टिपून घेतो. डॉक्टर आणखी एक गोष्ट टिपतो: प्रत्येक जहाज येऊन गेलं की आठवडाभरात सगळं बेट खोकतं. सर्दी जहाजातून उतरते. पीठही त्याच शिडीवरून.

मार्चमध्ये मोहीम परत जाते. तुम्ही मधली वर्षं पळत पळत ओलांडा.

१९४२. दुसऱ्या महायुद्धात इथं आरमारी ठाणं आणि हवामान केंद्र उभं राहतं, आणि बेटावर पहिल्यांदा रोख मजुरी दिली जाते. नॉर्वेच्या मोहिमेबरोबर आलेला इंग्रज तरुण अ‍ॅलन क्रॉफर्ड आता हवामान केंद्रावर आहे. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, बेटाला स्वतःचं टपाल तिकीट मिळावं म्हणून तो नमुने काढतो. एक पेनीच्या तिकिटावर पेंग्विन आहे आणि किंमत दोन प्रकारे छापलीय: एक पेनी, किंवा चार बटाटे. लंडननं ते मंजूर केलं नाही. बेटाला अधिकृत तिकिटं मिळाली ती १९५२ मध्ये, सेंट हेलेनाच्या तिकिटांवर नाव छापून, आणि बटाट्यांविना. लंडनच्या टेबलावर ते बटाटे गमतीचे वाटले असणार. बेटावरच्या माणसाला पेनी गमतीची वाटत होती. तिची भाजी होत नाही.

१९४९ मध्ये शेवंडांचा कारखाना सुरू झाला. या भागातला शेवंड अमेरिकेत चढ्या भावानं जातो. पुरुष मासेमारीला, बायका शेपट्या सोलून डबे भरायला. पगार आला, दुकान आलं, दुकानात मिठाई आली. आणि पहिली तक्रार आली ती कंपनीच्या बाजूनं: हे लोक आळशी आहेत. मासेमारीला जायचा दिवस असला की घंटा वाजते, आणि नेमक्या त्याच दिवशी अर्धे पुरुष बटाट्यांच्या वाफ्यांवर किंवा नाइटिंगेलच्या वाटेवर. बरोबरच आहे. समुद्र शांत असेल तो दिवस शेवंडाचा तसा चरबी-अंड्यांचाही. पगार ही त्यांच्या लेखी जोडीची गोष्ट होती. बटाटे हाताशी असले की पगारावर हुकूम चालवता येत नाही, हे मालकाला कळायला वेळ लागला.

आणि मग डोंगर.

१९६१ च्या ऑगस्टपासून जमीन हादरतेय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तीच्या अगदी मागे माळाला भेग पडते, जमीन फुगते. ९ तारखेची रात्र सगळे वाफ्यांवरच्या खोप्यांत काढतात. १० तारखेला होड्या, मग मासेमारीची जहाजं, नाइटिंगेलवर एक रात्र, दुसऱ्या दिवशी डच प्रवासी जहाज, केप टाउन. तिथं रस्त्यावर चालताना डोळे उघडे ठेवा. वर्णद्वेषी कायद्यांचा तो ऐन भर आहे, आणि या २६४ जणांच्या पूर्वजांत युरोपचे खलाशी आहेत तशा सेंट हेलेनाच्या सावळ्या बायकाही आहेत. कुठल्या बाकावर बसायचं हे इथं कातडीवरून ठरतं. इथं राहायचा प्रश्नच नव्हता. ३ नोव्हेंबरला ते साउदॅम्प्टनला उतरले. पत्रकार, ब्लँकेटं, कॅमेरे. पुन्हा कठडा. यावेळी वरून खाली बघणारे ते होते आणि धक्क्यावर सगळं इंग्लंड.

१९६२ चा जानेवारी. आधी सरेमधली छावणी झाली, आता साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला हवाई दलाच्या जुन्या विटांच्या घरांत सोय झालीय. घरांच्या ओळीला बेटाचं नाव दिलंय. सरकारनं आणि लोकांनी मनापासून केलं, यात शंका नको. आता तक्ता भरा, हात भरभर चालेल. शहरी पद्धतीचं घर, चार. संडास-न्हाणीघर आत, चार. वीज आहे, टीव्ही आहे. पुरुषांना कारखान्यांत नोकऱ्या, पोरांना शाळा, तीन, चार. कपडे इतके आले की ठेवायला जागा नाही. बेरीज करा. तुमच्या कागदाप्रमाणे हे लोक चार महिन्यांत यादीतून वर निघाले.

ती म्हातारी तुम्हाला पुन्हा भेटते (ती अजून आहे असं आपण धरून चालू). गॅसच्या शेगडीसमोर शाल गुंडाळून बसलीय, खोकतेय. त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, फार कडक हिवाळ्यात, कितीतरी जण छातीच्या विकारांनी आजारी पडले, काही म्हातारे गेले. ज्या सर्दीला बेटावर जहाजाची वाट बघावी लागे ती इथं बसच्या प्रत्येक थांब्यावर होती. दंतवैद्यांनीही पुन्हा तोंडं तपासली आहेत. दुकानातल्या मिठाईची दहा-बारा वर्षं दातांत स्पष्ट दिसतायत.

‘बरं चाललंय ना, आजी?’

‘सगळे चांगले आहेत, साहेब.’ हे झालं जहाजासाठीचं उत्तर. थांबा. ‘इथं बटाटासुद्धा विकत आणायचा,’ ती म्हणते. ‘भाडं द्यायचं, दिव्याचे द्यायचे, शेगडीत नाणं टाकायचं. शुक्रवारी पाकीट नाही आलं तर शनिवारी जेवायचं काय? आणि कुणाकडे जायचं मागायला? शेजारीण चांगली आहे. दार लावून घेते.’

दाराला कुलूप लावायला शिकावं लागलं, हे तिचा नातू हसत सांगतो. त्याला रस्ता आवडतो, मोटरसायकल आवडते, मुली आवडतात. हे लिहून ठेवा, नंतर लागेल.

तेरावा प्रश्न राहिलाय: कुटुंबाला कोणत्या प्रकारची मदत हवी? मजुरी, धंदा, प्रशिक्षण, घरकुल, कर्ज. कोणतीच नको असेल तर पूर्ण चार गुण. म्हातारी म्हणते, ‘जहाज.’

लंडनच्या अधिकाऱ्यांना हे परत जाणं नको होतं. बेटावर अडीच-तीनशे माणसांसाठी दवाखाना, शाळा, बंदर चालवायचं तर खर्च कुणी करायचा, हा सरळ हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. पण शास्त्रज्ञ जाऊन पाहून आले: लाव्हानं कारखाना आणि उतरायचा किनारा गिळला होता, घरं मात्र बहुतेक उभी होती. मेंढ्या उरल्या नव्हत्या. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झालं. परत जायच्या बाजूनं १४८, विरुद्ध ५. इंग्लिश वर्तमानपत्रं चक्रावली. ज्या कल्याणकारी राज्याचा त्यांना अभिमान होता त्याला कुणीतरी आभार मानून परत पाठवत होतं. मग एका रात्रीत ‘बिचारे’चे ‘थोर’ झाले. साधेपणा, निरागसपणा, आधुनिकतेला नकार वगैरे. मला हे दुसरं कौतुक पहिल्या दयेइतकंच उथळ वाटतं. परत जाणाऱ्यांच्या सामानात इंग्लंडमधून घेतलेल्या वस्तूंचे ढीग होते, आणि शेवंडांचा कारखाना पुन्हा उभा राहणार का हा प्रश्न ते प्रत्येक बैठकीत विचारत होते. त्यांना पगार हवाच होता. पगाराशिवाय उपाशी मरावं लागेल अशी जागा तेवढी नको होती.

नोव्हेंबर १९६३. बॉर्नहोम जहाजातून मोठा जथा परत येतो. किनारा बदललाय, काळ्या लाव्हाचा सुळका समुद्रात शिरलाय. आधी आलेल्यांनी बटाटे लावून ठेवलेत. तुमची पेटी यावेळी ट्रॅक्टरवर चढते, बैलगाडीही मागे आहेच. पुढच्या काही वर्षांत कारखाना नव्यानं उभा राहिला, वीज आली, आणि बांधलेल्या छोट्या बंदराला त्यांनी नाव दिलं कॅलशॉट. इंग्लंडवर राग नव्हता त्यांचा.

१९६६ मध्ये पस्तीस जण पुन्हा इंग्लंडला निघाले. तो नातू त्यांच्यात असणार, असं मला वाटतं, मोटरसायकल. यांतलेही बरेच जण नंतर बेटावर परतले. या जाण्यायेण्याला ‘स्थलांतराचं कारण’ या रकान्यात किती गुण द्यायचे, ते तुम्ही ठरवा.

आजच्या ट्रिस्टनवर उतरलात तर वीज, इंटरनेट, दवाखाना, शाळा, एक दुकान आणि अडीचशेच्या आत माणसं भेटतील. जमीन सामाईक आहे, बाहेरच्याला विकत घेता येत नाही. प्रत्येक घरानं किती गाई, किती मेंढ्या पाळायच्या याला मर्यादा आहे. माळ छोटा आहे हे एक कारण. एखादं घर फार पुढे निघून जाऊ नये हे दुसरं. मासेमारीचा दिवस ठरला की पहाटे घंटा वाजते. वाफ्यांवर नोकरदारही जातात, कचेरीतला माणूससुद्धा, आणि बियाण्याचे बटाटे खाणाऱ्याबद्दल अजूनही ओठ वाकडे करून बोललं जातं.